मधल्या उतारावरचे सरडे

मी पीएचडीसाठी ब्राउनश्वाइगला आले तेव्हा माझ्या वाट्याचा सरडा आधीच दोन झालेला होता.

कॅरिबियन समुद्रात एक लहानसं बेट आहे. मधोमध डोंगर. पश्चिमेचा किनारा कोरडा, काटेरी झुडपांचा, तर माथ्यावर बारा महिने ढग आणि शेवाळलेलं जंगल. या बेटावर अ‍ॅनोल गटातला एक सरडा राहतो. आपल्या बागेतल्या सरड्यापेक्षा अंगाने लहान, आणि बोटांखाली पालीसारख्या पट्ट्या, त्यामुळे गुळगुळीत पानावरसुद्धा सहज चालतो. नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. ती तो पंख्यासारखी उघडतो, मिटतो आणि पुढच्या पायांवर पैलवानासारखे जोर मारतो. समोर दुसरा नर असेल तर ती धमकी, मादी असेल तर ओळख.

किनाऱ्यावरचे सरडे मातकट. त्यांना फार पूर्वी कुणा युरोपियन माणसाने नाव देऊन ठेवलं होतं. माथ्यावरचे गर्द हिरवे, अंगावर पांढरे ठिपके. हे हिरवे म्हणजे वेगळीच प्रजाती आहे असं माझ्या गाइडने तरुणपणी छापलं होतं आणि त्या प्रजातीला आपल्या वडिलांचं नाव दिलं होतं. जर्मन भाषेत गाइड बाई असेल तर तिला डॉक्टरमुटर म्हणतात, डॉक्टरेटची आई. माझी डॉक्टरमुटर पन्नाशी ओलांडलेली, उंच, आखूड केसांची आणि फार कमी बोलणारी होती. तिच्या खोलीत खिडकीजवळ एक फोटो होता. वनरक्षकाची टोपी घातलेला एक माणूस, मागे पाइनची झाडं. हेच ते वडील. पुष्कळ वर्षांपूर्वी वारलेले.

माझं काम सरळ होतं. निरनिराळ्या संग्रहालयांतून मागवलेल्या बरण्यांमधले या बेटावरचे सगळे सरडे मोजायचे आणि दोन प्रजातींमधला फरक पक्का करून दाखवायचा.

मोजण्याबद्दल मला धास्ती नव्हती. औरंगाबादला एमएस्सी करताना मी माळावरच्या सरड्यांवर काम केलं होतं. आमच्याकडच्या सरड्यालाही गळ्याला पंखा असतो, निळा. उन्हाळ्यात दगडावर उभा राहून तो पंखा दाखवत असतो आणि तुम्ही पालथं पडून तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसता. गुराखी येऊन विचारायचे, बाई, काही हरवलंय का? त्या माळावर मी एक शिकले होते, की घाई नसलेल्या माणसाला सरडा सगळं दाखवतो. इथे फरक एवढाच, की सरडे अल्कोहोलमध्ये होते आणि मी खुर्चीवर होते. नवरा सकाळच्या गाडीने वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात जायचा, मी ट्रामने इन्स्टिट्यूटला. दिवसभर चिमट्याने एकेक सरडा उचलायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, पाठीवरचे खवले, डोक्यावरचे खवले, बोटांखालच्या पट्ट्या, नाकापासून ढुंगणापर्यंतची लांबी. हाताला अल्कोहोलचा वास इतका बसला की भाकरी थापताना मलाच शिसारी यायची.

सहाएक महिन्यांनी मी गाइड बाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मला हे दोन दिसत नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"खवले मोजले की किनाऱ्यावरचे आणि माथ्यावरचे एकमेकांत मिसळतात. चिठ्ठी झाकून कुणी माझ्यासमोर सरडा ठेवला तर तो कुठला हे मी सांगू शकणार नाही."

"रंग?"

"बरणीत रंग उरतच नाही. सगळे तपकिरी."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणूनच जिवंत बघायला हवेत."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, ही मुलगी नवी आहे, हिने हिरवा सरडा हिरवा असताना पाहिलेला नाही. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी सगळे परवाने काढून बेटावरून थोडे जिवंत सरडे आणवले, किनाऱ्यावरचेही आणि माथ्यावरचेही. तळघरात एक खोली दिव्यांनी उबदार करून तिथे काचेच्या टेरॅरियममध्ये ते ठेवले. मी पहिल्यांदा माथ्यावरचा नर पाहिला तेव्हा खरंच थक्क झाले. पोपटाइतका हिरवा. गळ्याचा पंखा उघडला की आत पिवळाजर्द. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "आता?" त्यांनी विचारलं.

"सुंदर आहे," मी म्हणाले. "पण दोन आहेत असं अजून वाटत नाही."

त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

त्या डिसेंबरात सासूबाई औरंगाबादहून आल्या. सासऱ्यांनी थंडीचं नाव ऐकून तिकीट काढायलाच नकार दिला होता, म्हणून त्या एकट्याच आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. सगळी हयात त्यांनी फळ्यावर सरपटणारे प्राणी काढून शिकवले, पण घरात पाल दिसली की पलंगावर चढून बसायच्या. नाताळची सुट्टी लागली, इन्स्टिट्यूट बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी हाउसमाइस्टरचा, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाचा, फोन आला. तळघर गरम ठेवणारी हायत्सुंग बंद पडली होती. पाइप फुटलेला, आणि नवीन वर्षाआधी दुरुस्तीला माणूस मिळणार नव्हता. गाइड बाई हार्त्सच्या डोंगरात आपल्या म्हाताऱ्या आईकडे होत्या, तिकडे रस्त्यावर बर्फ. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "ते मरता कामा नयेत."

"नाही मरणार," मी म्हणाले. "मी घरी नेते."

आम्ही दोघं नवराबायको थर्माकोलच्या पेट्या घेऊन गेलो. पेट्यांच्या तळाशी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, त्यावर टॉवेल, टॉवेलावर कापडी थैल्यांत सरडे. ट्राममध्ये शेजारच्या आजीबाईंनी कौतुकाने विचारलं की नाताळचं जेवण का? नवरा म्हणाला, "हो, तसंच काहीतरी." मी त्याला कोपर मारलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"अगं, हे काय आणलंत?"

"सरडे आहेत, आई. थोडे दिवस राहतील."

"सरडे की पाली?"

"सरडे."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. मी टेरॅरियम लावून एकेक सरडा सोडला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन पुन्हा आल्या. थोडा वेळ लांबूनच बघितलं. मग म्हणाल्या, "हे काचेवर चढतायत. सरडे काचेवर चढत नाहीत."

"यांच्या बोटांखाली पट्ट्या असतात, आई, म्हणून चढतात."

"पालीसारख्या?"

"हो, तशाच."

"मग पालीच म्हण की. मला फसवतेस कशाला?"

तरी दोनच दिवसांत त्यांनी आपली खुर्ची टेरॅरियमजवळ सरकवली. कारण सोपं होतं. दिव्यांमुळे सगळ्या घरात तोच एक कोपरा खरा उबदार होता. शाल पांघरून त्या तिथे वाचत बसायच्या. सरड्यांच्या खाण्यासाठी आणलेले रातकिडे डब्यात किर्र करत, तेव्हा त्या म्हणायच्या की गावी असल्यासारखं वाटतं.

घरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. दोन नर एकत्र ठेवले तर भांडून शेपट्या तोडतात, म्हणून प्रत्येक नर वेगळा ठेवावा लागतो. शेवटी किनाऱ्यावरच्या एका नराला माथ्यावरच्या मादीच्या पेटीत सोडण्यावाचून इलाज उरला नाही. मधे मी एक पुठ्ठा उभा केला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर तो पुठ्ठ्यावर चढून बसलेला. पंखा उघडतोय, जोर मारतोय. मातकट नर आणि हिरवी मादी. ती थोडी मागे सरकली, थांबली, आणि तिने मान हलवली, खालीवर, ठरावीक ठेक्यात. आपल्याच नराला मादी देते ते उत्तर. मी शाईचं पेन हातात धरून तशीच उभी राहिले. पुढे जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी पुस्तक तोंडापुढे धरलं आणि पुस्तकामागून म्हणाल्या, "टीव्ही लाव जरा."

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना त्यांनी विचारलं, "पण तुझं यात नेमकं काम काय?"

"ही एकच जात आहे की दोन, ते ठरवायचं." जात हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात तोच शब्द होता, प्रजाती नंतर आलं.

त्यांनी कोथिंबीर निवडायची थांबवली. "जात ठरवायला जर्मनीत आलीस?"

आम्ही दोघीही हसलो, पण फार वेळ नाही. आमच्या घरात हा शब्द हसण्यावारी न्यायचा नव्हता. बाबासाहेबांचा फोटो आमच्या ब्राउनश्वाइगच्या भाड्याच्या घरातही दर्शनी भिंतीवर होता. त्याच दिवाळीत हॅनोव्हरच्या मराठी कार्यक्रमात एका गृहस्थांनी माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव विचारलं होतं आणि मग बोलणं हवामानावर नेलं होतं. मी सासूबाईंना ते सांगितलं नव्हतं. पण त्यांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

"म्हणजे तुला जात मोडायची आहे तर," त्या म्हणाल्या.

"नाही, आई. ती आहे का एवढंच बघायचंय. असेल तर असेल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर तसं छापायचं."

"छाप मग," असं म्हणून त्यांनी कोथिंबीर पुढे ओढली.

मला सरड्यांवर आपल्या माणसांचं ओझं लादायचं नव्हतं, आणि मी ते लादलं नाही. माणसांची जात माणसांनी केली. सरड्यांची प्रजाती वेगळी आहे की नाही हे सरड्यांना विचारायचं असतं, आणि उत्तर काहीही आलं तरी ते मानायचं असतं. विज्ञानातलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

मादीने पुढे पेटीतल्या कुंडीत खड्डा उकरून एक अंडं घातलं. हे सरडे एका वेळी एकच अंडं घालतात. सासूबाईंनी तिच्यासाठी जास्तीचे रातकिडे मागून घेतले. स्वतःच्या हाताने काही टाकले नाहीत, पण माझ्या हाताकडे लक्ष ठेवून होत्या.

जानेवारीत सगळे सरडे सुखरूप परत गेले. मी बाईंना अंड्याबद्दल सांगितलं. मला वाटत होतं, आता त्यांना मानावंच लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अ‍ॅनोलची मादी वीर्य साठवून ठेवते. महिनोन्‌महिने. पिलू कोणाचं आहे हे तुम्हाला माहीत नाही."

"पिलू मोठं झालं की तपासू."

"तपासा. पण तुमच्या बैठकीच्या खोलीत काय झालं त्याच्याशी मला कर्तव्य नाही. कोंडून ठेवल्यावर प्राणी काहीही करतात. बेटावर काय होतं ते दाखवा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला राग आला, पण तो मेन्झात, विद्यापीठाच्या खानावळीत, जेवून येईपर्यंतच टिकला. परत आल्यावर मी बेटाचा मोठा नकाशा काढून भिंतीवर लावला आणि प्रत्येक बरणीवरचं ठिकाण टाचणीने त्यावर मांडत गेले. किनाऱ्यावरचे लाल, माथ्यावरचे हिरवे. संध्याकाळी मागे सरकून पाहिलं. सगळ्या लाल टाचण्या बंदराच्या आसपास, सगळ्या हिरव्या शिखराखालच्या विश्रामगृहाभोवती. मधला सगळा उतार मोकळा. एवढ्या वर्षांत, एवढ्या देशांतल्या लोकांनी पकडलेल्या सरड्यांत मधल्या उतारावरचा एकही नव्हता.

मी बाईंना बोलावून आणलं.

"मधले कुठे आहेत?" मी विचारलं.

त्या नकाशाजवळ गेल्या. "मधे शेतं आहेत. केळी, कोको. लोक जहाजातून उतरायचे, बंदरावर पकडायचे, मग थेट वर जंगलात जायचे. शेतात कोण सरडे पकडतो?"

"आणि तुम्ही?"

त्यांनी मोकळ्या उतारावरून बोट फिरवलं. "मी जीपमध्ये झोपले होते," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी ताप होता. जाग आली तेव्हा ढगात होतो आणि समोरच्या फांदीवर तो हिरवा बसला होता."

मग त्यांनी स्वतःच मला पाठवायची सगळी व्यवस्था केली. हे मी नेहमी सांगते, कारण त्या न करत्या तरी त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. त्यांना ठाऊक होतं मी तिकडे काय शोधायला चालले आहे.

बेटावर मी तीन आठवडे होते. बंदरापासून माथ्यापर्यंत एकच घाटरस्ता. मी जीप घेतली नाही, चालत गेले आणि प्रत्येक वळणावर थांबले. मासे पकडायच्या काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास लावून सरडा पकडायचा. काठी हळूच त्याच्या डोक्यावर न्यायची. आणि तो माणसाकडे बघत असतो, दोऱ्याकडे नाही. मोजायचं, शेपटीचं टोक नखाएवढं कापून घ्यायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं. खाली सगळे मातकट. थोडं वर गेलं की मानेजवळ हिरवट छटा. पहिल्या केळीच्या बागेच्या कुंपणावर पुढून हिरवे आणि मागून तपकिरी, जणू कुणी रंगवताना मधेच उठून गेलं होतं. त्याच्या वर ठिपके सुरू झाले, आधी दोनचार, मग कमरेपर्यंत. कोकोच्या सावलीत पोपटी. ढगात पोचले तेव्हा गर्द. मी चालत वर गेले, चालत खाली आले. माझ्या हातात खडू देऊन कुणी म्हटलं असतं की दोन प्रजातींमधली रेघ या रस्त्यावर मार, तर मी ती कुठे मारणार होते? रेघ मारायला जागाच नव्हती.

ब्राउनश्वाइगला परत आल्यावर शेपटीच्या टोकांमधले जनुक वाचून घेतले. तिथेही तेच. किनाऱ्यापासून माथ्यापर्यंत हळूहळू बदल, कुठे तुटलेलं नाही. कोरड्या जागी राहणारे मातीच्या रंगाचे, ओल्या जागी राहणारे पानाच्या रंगाचे, आणि मधल्या सगळ्यांचं एकमेकांत येणंजाणं चालू. घरात घातलेल्या अंड्यातून निघालेलं पिलूही तोवर मोठं झालं होतं. ते किनाऱ्यावरच्या नराचंच निघालं. रंगाने मधलं. केळीच्या कुंपणावर सोडलं असतं तर कुणी ओळखलं नसतं.

सगळे तक्ते घेऊन मी बाईंच्या खोलीत गेले तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. एक प्रजाती. दुसरं नाव राहणार नाही. सांगताना माझा आवाज स्थिर होता, याचं मला आजही समाधान आहे. निकाल अडखळत सांगितला असता तर तो त्यांचा अपमान झाला असता. पण खिडकीजवळच्या त्या फोटोकडे मी बघितलं नाही.

"टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या सुट्टीवर गेल्या आणि कित्येक आठवडे एक ओळीची ईमेलसुद्धा आली नाही. नवरा म्हणाला, "तुझी शिष्यवृत्ती तिच्या हातात आहे, लक्षात आहे ना?" माझ्या लक्षात होतं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिला वेळ दे. बापाचं नाव आहे." मी वेळ दिला. तेवढ्यात प्रबंधाची दोन प्रकरणं लिहून टाकली, तोच निष्कर्ष ठेवून.

ऑगस्टच्या अखेरीला फोन आला. "उद्या बूट घालून या," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला गाडीने उत्तरेला हाइडवर नेलं. हाइड म्हणजे जर्मनीतला माळ. झुडपं गुडघ्याएवढी, आणि त्या दिवसांत मैलोन्‌मैल जांभळी फुललेली. बाई वाट सोडून एका वाळूच्या उतारावर गेल्या आणि खाली बसल्या. मीही बसले. थोड्या वेळाने वाळूतून काडीएवढं काहीतरी पळालं. मग दुसरं. जर्मनीतल्या सरड्याची नुकती अंड्यातून निघालेली पिलं, पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके.

"इथेच वडिलांनी मला पहिला सरडा दाखवला," त्या म्हणाल्या. "इथलं जंगल त्यांच्या देखरेखीखाली होतं. शेपटीला हात लावला तर रागवायचे."

त्यांनी बोटाने वाळू सारखी केली.

"मी सगळा उन्हाळा तुमची चूक शोधली."

"सापडली?"

"दोन ठिकाणी दशांश चिन्ह चुकलंय. त्याने काही बदलत नाही." मग म्हणाल्या, "मधले सरडे बरोबर आहेत."

मला वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलावं. म्हणाले, "नाव पुसलं जाणार नाही. जुन्या नावांच्या यादीत ते कायम राहतं, ज्यांना शोधायचं त्यांना..."

"मला समजावू नका. हे नियम मी तुमच्या आधी पाठ केलेत."

एक पिलू त्यांच्या बुटावर चढलं, ऊन खात थांबलं.

"त्यांना फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. "एखादं झाड चुकीचं मोजलं गेलं तर ते पुन्हा जाऊन मोजायचे. मला फरक पडतो. पण तो माझा प्रश्न आहे." मग हात झटकून उठल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "आणि आता आपण एकमेकींना 'तू' म्हणूया का?"

जर्मनीत हे लहान नसतं. मोठ्या माणसाने स्वतः म्हटल्याशिवाय तुम्ही 'तू' वर येऊ शकत नाही. मी एकदम हो म्हणाले. आईच्या वयाच्या बाईला 'तू' कसं म्हणायचं, असं नवऱ्याने मला नंतर विचारलं. मी म्हणाले, आईला आपण तूच म्हणतो की.

शरदात हॅनोव्हरला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकांची परिषद होती. भाषण माझं होतं. आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "पहिली पाच मिनिटं मला दे." सभागृह भरलेलं. त्या व्यासपीठावर गेल्या, हातात कागद नव्हता. "मी आज एक प्रजाती मागे घेते," त्या म्हणाल्या. "ती माझीच होती. का मागे घेते ते माझी विद्यार्थिनी सांगेल." आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मी पडद्यावर तो रस्ता दाखवला. बंदरापासून माथ्यापर्यंत वळणावळणाचे सरडे, एकामागून एक, काही न बोलता. मग तक्ते. शेवटी एक वयस्क प्राध्यापक उठले. त्यांनी स्वतः पुष्कळ बेटांवर प्रजाती वेगळ्या केलेल्या होत्या. आवाजात थोडी करुणा आणून म्हणाले, "बाई, तुम्ही तरुण आहात. माथ्यावरचा सरडा मी पाहिला आहे. तो हिरवा आहे. ते नाकारता येत नाही."

"मी नाकारत नाही," मी म्हणाले. "तो हिरवाच आहे. तुम्ही पाहिलेला आणि बंदरावरचा, या दोघांमध्ये रेघ कुठे मारायची ते मला दाखवा. मी रस्ता पुन्हा लावते, तुम्ही थांबा म्हणा."

सभागृहात हशा पिकला. मी खरंच पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. ते थांबा म्हणाले नाहीत. केळीच्या बागांपर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला, सगळे त्यांच्याकडे वळले. "नाही, नाही," ते म्हणाले, "पुढे चालू द्या, चांगले फोटो आहेत." पहिल्या रांगेतून बाई मागे वळून त्यांना म्हणाल्या, "'तो हिरवा आहे', हे मी तर दोन वर्षं तिला ऐकवत होते." मग लोकांनी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. इकडे टाळ्यांऐवजी तसं करतात. ती टकटक दोघींसाठी होती, पण त्या उठून उभ्या राहिल्या नाहीत, मला खुणेने पुढे व्हायला सांगितलं.

पुढच्या वर्षी माझा प्रबंध पास झाला. इथल्या रिवाजाप्रमाणे सोबत्यांनी पुठ्ठ्याची डॉक्टरची टोपी बनवली. तिच्यावर कागदाच्या लगद्याचे सरडे बसवले होते, एकाचाही रंग दुसऱ्यासारखा नाही. मला हातगाडीत बसवून आवारभर फिरवलं. गाडी ओढणाऱ्यांत बाईही होत्या, धापा टाकत. नवऱ्याने फोटो काढले, पण अर्ध्या फोटोंत तो हसल्यामुळे कॅमेरा हललेला आहे.

मला ड्रेस्डेनला एका संग्रहालयात नोकरी लागली. नवऱ्याला तिकडे चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळेपर्यंत आम्ही शनिवाररविवार गाडीने येजा करत होतो. रुजू झाले त्या सकाळी माझ्या टेबलावर बेडकांच्या बरण्यांची एक लाकडी पेटी आधीच आणून ठेवलेली होती. बेडूक हा माझा विषय नव्हता. कोट खुंटीला लावला, नकाशा कुठे मिळेल ते विचारून घेतलं आणि पहिली बरणी उघडली.